माझं मी, आणि ओली फरशी

अंगणवाडीला २०२५ला पन्नास वर्षं झाली. २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिचा हा सुवर्णमहोत्सव. संपादक म्हणाले, ‘बाई, बारामती-इंदापूरकडचा आढावा तुम्हीच लिहा, चार आकडे टाकून.’ आकडे लिहिण्यातच माझी नोकरी सरली. आधी बालवाडीत आणि मग मुख्यसेविका म्हणून बीट फिरताना मी वजनं लिहिली, लसी लिहिल्या, सुकडीची पोती लिहिली, गळक्या छपरांचे अर्ज लिहिले. आकड्यांची हौस फिटली. मी लिहिणार आहे ते ज्याला एकाही रजिस्टरात रकाना नव्हता त्याबद्दल. दीड-दोन वर्षांचं पोर तुमच्या हातातला घास ढकलतं, वाटी स्वतःकडे ओढतं आणि म्हणतं ‘माझं मी’, त्या दोन शब्दांबद्दल.

हे दोन शब्द घरोघर वेगळे ऐकू येतात. गावठाणात ‘मीच करनार’, बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीत ‘मपलं मी’, आणि हल्ली सोसायट्यांतून ‘मी सेल्फ’. अर्थ एकच. दीड वर्षाला चमचा, दोनला पायरी, अडीचला बटण हा क्रम मी देत बसत नाही. ज्याला पाहिजे त्याने अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता वाचावा. तक्त्यातलं पोर जरा जास्तच गुबगुबीत आहे, तेवढं सोडलं तर तक्ता बरोबर आहे.

अशा लेखाची सुरुवात माँटेसोरीबाईंपासून करायचा रिवाज आहे, तो उरकून घेते. रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत १९०७ साली त्यांनी गरिबांच्या पोरांना बुटकी टेबलं आणि खरी, फुटणारी भांडी दिली. १९३९ला त्या मद्रासला आल्या, महायुद्धात अडकल्या, आपल्याकडच्या शिक्षकांना शिकवून १९४६ला युरोपात परतल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२०त बालमंदिर काढलं होतं. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातली मानाची जागा सोडून ताराबाई मोडक १९२३ला त्यांच्याकडे गेल्या आणि १९२६त नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ही वंशावळ प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगतात आणि दुसऱ्या तासाला चहा होतो. मला घाई आहे ती पुढच्या नावाची, कारण ते नाव आमच्या तालुक्यातलं आहे.

मोरगाव म्हटलं की मयूरेश्वर. अष्टविनायकाच्या यात्रेतला पहिला गणपती, त्यामुळे गाड्यांची रीघ. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या आयांना मी पुष्कळदा विचारलं आहे, कडेवरच्या पोराकडे बोट दाखवून, की हे ज्या अंगणवाडीत जाईल तिची एक आई याच गावात जन्मली, ठाऊक आहे का? नसतं. अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, मोरगाव. नकळत्या वयात लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात एवढ्यावर बाईची गोष्ट संपत असे. त्या शिकल्या, पुण्याला हुजूरपागेत शिकवू लागल्या, आणि १९४५ला, पस्तिशीत, सगळं बस्तान मोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाईंच्या हाताखाली गेल्या. तिथून पुढे कोसबाडची टेकडी. १९८५ला त्यांना पद्मश्री मिळाली, तिथपर्यंत आणि त्यापुढेही, १९९२ला जाईपर्यंत, त्या त्याच कामात.

बोर्डीला झालं असं, की चांगली बालवाडी मांडून बसल्या आणि वस्तीतली पोरं फिरकेनात. मग शाळाच उठून वस्तीत गेली आणि अंगणात बसली. अंगणवाडीचं मूळ हे आहे, सरकारी ठराव पुष्कळ नंतरचा. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा नेली, ती कुरणशाळा. आणि मला सगळ्यांत लाडकी आहे ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा, तिन्ही एका आवारात. याच्यामागचं शहाणपण ज्याने खेड्यातली शाळा पाहिली त्यालाच कळेल. आठ वर्षांची बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ आहे. त्याला उतरवायला जागा द्या, दोघं येतात. ताराबाईंना हे दिसलं होतं. योजना आखणाऱ्यांनी पुढे तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकल्या आणि कडेवरचं पोर पुन्हा कडेवर गेलं.

काही विद्वान आजही म्हणतात की ताराबाई-अनुताईंनी माँटेसोरीची स्वस्त आवृत्ती काढली. मला तो शब्द झोंबतो. शंख-शिंपले, बिया, बांबू, माती यांवर त्यांनी काम चालवलं ते पैसे नव्हते म्हणून खरंच, पण जे भांडं घरी आहे तेच शाळेत असलं तर पोर संध्याकाळी घरी जाऊन तेच काम पुन्हा करतं. घडवून आणलेला लाकडी मनोरा कपाटात राहतो, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली बाईंच्या पदराला. असे मनोरे मी आमच्या बीटात पंचवीस वर्षं नव्या कोऱ्या अवस्थेत पाहिले आहेत.

माझी स्वतःची सुरुवात मात्र कुठल्या पुस्तकातून झाली नाही. आमचं गाव सुप्याकडचं, जिरायती पट्ट्यातलं. कालव्याचं पाणी माळेगाव-पणदरेकडे. आमच्याकडे आभाळ. बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांची. पाझर तलावाच्या कामावर आख्खं गाव होतं. मला खडी फोडायला बसवलं तर मी दुसऱ्याच दिवशी अंगठा ठेचून घेतला. मुकादम वैतागून म्हणाला, ‘हिला पोरांत बसवा.’ लिंबाखाली बायकांची बारकी पोरं ठेवलेली असत, दहा-बारा. एक रांजण, एक गोधडी आणि मी.

त्यांत एक पोरगा होता दोन-सव्वादोनचा. मिलोची भाकरी खाऊन सगळ्यांचीच पोटं बिघडलेली, तहान सारखी. मी पाणी पाजायला गेले की तो तोंड घट्ट मिटायचा. रांजणाकडे बोट. मी एक डालड्याचा रिकामा डबा दिला. त्याने तो दोन्ही हातांनी बुडवला, उचलला, निम्मं अंगावर, निम्मं मातीत, एक घोट तोंडात. परत रांजणाकडे. पाणी बैलगाडीने पिपातून यायचं, थेंब मोजून. बायका माझ्यावर ओरडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. मी डबा काढून घेतला तर त्याने असा टाहो फोडला की खडीवरचे हातोडे थांबले. दुसऱ्या दिवशी त्याची आजी घरातला पितळी चंबू घेऊन आली. अर्ध्या पेल्याएवढं पाणी मावेल इतका लहान. चंबूची मान त्याच्या मुठीत बसली. एका हाताने धरला, दुसरा बुडाखाली लावला, आणि पाच पावलं चालत जाऊन गोधडीवर बसून प्याला. सांडलं ते घोटभर. मग तो दिवसभर बाकीच्या पोरांना पाणी पाजत हिंडला. पोरं पितही होती, त्याच्या हातून.

पन्नास वर्षं मी लोकांना जे सांगत आले ते एवढंच. पोराला अडवू नका आणि हातात डालड्याचा डबाही देऊ नका. चंबू शोधा. तो शोधायला वेळ लागतो आणि पोर पाच पावलं चालेपर्यंत थांबायलाही वेळ लागतो. वेळ मात्र कुणी मंजूर करत नाही.

पुढे सत्याहत्तर साली महिला मंडळाच्या बालवाडीत लागले तेव्हा पहिल्या पगारातून बारामतीच्या भांड्यांच्या दुकानातून मोडीतले सहा चंबू घेतले. दुकानदाराला वाटलं देवाला हवेत. बालवाडीत मुलं अडीचच्या पुढची, पण मोठ्या बहिणींच्या कडेवर बसून बारकी येतच. ‘हजेरीपटावर नाव नाही, घरी ने’ असं म्हणायची पद्धत होती. मी बसवून घ्यायची. दाराजवळ बुटकं घंगाळ, शेजारी चंबू, आणि खुंट्यांवर हातभर उंचीवर जुन्या धोतराची फडकी, ज्याची त्याला. पाणी घ्यायचं, हात धुवायचे, सांडलं तर आपलं फडकं घेऊन आपण पुसायचं. पोराच्या लेखी सांडणं आणि पुसणं हे एकच काम असतं. आपण पुसायला धावतो तेव्हा त्याचं निम्मं काम हिसकावून घेतो. लक्ष देऊन पाहा, बहुतेक पोरांना पुसण्यातच जास्त गोडी असते. एक पोरगी तर पुसायला मिळावं म्हणून सांडायची. तिला मी कधी रागावले नाही. नंतर ती आपोआप कंटाळली.

जेवणाचंही तसंच. आपल्याकडे भरवण्याला फार मान. काऊचा घास, चिऊचा घास, मग मनीमाऊचा, मग मामाचा, मग पोट भरून पोर मान फिरवतं तरी शेजारच्या काकूंचा. उष्टावणाला पहिला घास मामाने द्यावा हे ठीकच, पण त्यानंतर किती वर्षं? मी बालवाडीत खिचडी ताटलीत वाढून गप्प बसायची. निम्मी मांडीवर जायची. मग त्यांचीच त्यांना युक्ती सापडे. कुणी ताटली छातीपाशी धरे, कुणी तोंडच ताटलीत नेई. सांगायला लाज वाटते, पण माझ्या स्वतःच्या मुलाला मी पाच वर्षांचा होईपर्यंत हाताने भरवलं. सकाळची सातची एसटी गाठायची असे. दुसऱ्यांच्या पोरांसाठी माझ्याकडे वीस मिनिटं होती, त्याच्यासाठी सहा.

आता ओल्या फरशीचं. मी मुख्यसेविका झाल्यावर माझ्या बीटातल्या सेविकांना हे चंबू-फडकं लावून दिलं. भिगवण रस्त्याकडच्या एका केंद्रात पाहणीला वरिष्ठ आले. आत बारा-तेरा पोरं, दोन सांडतायत, तीन पुसतायत, शहाबादी फरशीवर थारोळं. शेरा पडला, ‘फरशी ओली. केंद्र अस्वच्छ. मुख्यसेविकेचं लक्ष नाही.’ मी खुलासा दिला दोन पानी, माँटेसोरीसकट. उत्तर आलं एका ओळीचं, की केंद्र कोरडं ठेवावं. पुढच्या पाहणीला सेविकेने चंबू माळ्यावर टाकले होते, फरशी चकचकीत आणि पोरं भिंतीला टेकून हाताची घडी घालून ओळीत. शेरा ‘उत्तम’. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आमच्यातही दोन तट होते. माझ्या बरोबरच्या एक बाई, हुशार आणि कामाला वाघीण, त्यांचं ठाम मत की तीन वर्षांच्या आत पोराचं पोट पाहायचं, बाकी काही नाही. कुपोषणाने मरणारं पोर ‘माझं मी’ म्हणेल कुठून, असा त्यांचा सवाल. सवाल खोटा नव्हता. टांगत्या काट्याच्या झोळीत पोर ठेवलं आणि काटा हललाच नाही, असे दिवस मीही पाहिलेत. पण खाणं आणि स्वतः खाणं यांचं भांडण त्यांनी उगाच लावलं. स्वतः वाटी धरणारं पोर भूक लागली की मागतं, पोट भरलं की थांबतं. दुसरा तट उलट टोकाचा. स्वावलंबनाची कवायत घेणारा. एक साथ रुमाल घडी करा, एक साथ बूट घाला, शिट्टी. त्यांच्या केंद्रांचे फोटो छान यायचे.

मधल्या योजनांचा इतिहास मी दोन वाक्यांत संपवते. नावं बदलली, खाती बदलली, सुकडीची खिचडी झाली, आणि तीन वर्षांखालच्या पोराशी सरकारचा संबंध टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं पाकीट, वजन आणि लस एवढाच राहिला. २०२१ला पोषण ट्रॅकर अ‍ॅप आल्यापासून सेविकेची मान मोबाइलमध्ये, आणि समोरचं पोर नेटवर्क येण्याची वाट बघत बसलेलं. २०२४ला केंद्र सरकारने ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला, जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी काय खेळावं, बोलावं याचा. मी निवृत्त झाल्यावर दहा वर्षांनी. वाचला. चांगला आहे. ओल्या फरशीला हरकत घेऊ नये असं एखादं वाक्य त्यात असतं तर मी ते फ्रेम केलं असतं.

बाहेरच्या जगातल्या दोघांची नावं एवढ्यासाठी घेते की ती माहीत झाल्यावर मला एकटं वाटेनासं झालं. एरिक एरिक्सन यांनी १९५०च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की या वयाचा सगळा झगडा स्वायत्तता एकीकडे आणि लाज नि शंका दुसरीकडे असा असतो. ‘श्शी, सांडलंस’ या आपल्या घरगुती उद्गारात लाज आणि शंका दोन्ही येतात. आणि बुडापेस्टच्या डॉक्टर एमी पिकलर. महायुद्धानंतर १९४६ला त्यांनी अनाथ बाळांचं घर काढलं. तिथे बाळाला झबलं घालताना दाई सांगायची, आता हात घालायचा आहे, आणि थांबायची. बाळ हात पुढे करेपर्यंत थांबायची. दाईंची संख्या बेताची, बाळं पुष्कळ, तरी थांबायची. आमच्या प्रशिक्षणांत पिकलरबाईंचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

आता उसाकडे येते. त्याशिवाय या दोन तालुक्यांचा आढावा खोटा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. दिवाळी झाली की बीड, नगर, धाराशिवकडून टोळ्या उतरतात, कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई म्हणजे अर्धा कोयता. हिशोबाच्या भाषेतच ती अर्धी. पहाटे तीनला फडात जायचं, पोराला कोपीत कुणापाशी ठेवणार? गोधडीत गुंडाळून फडात, पाचटावर. उजाडलं की ते उठतं आणि दिवसभर मोकळं.

लासुर्ण्याकडच्या एका फडात मी पाहिलेली पोरगी अजून डोळ्यांपुढे आहे. दोन-अडीचची, केस पिंजारलेले, अंगात भावाचा सदरा घोट्यापर्यंत. तिने तीन वाढी गोळा केली. एकसारखी लावली. चौथं वाढं घेऊन त्याला पीळ दिला, आई मोळी बांधते तसा. गाठ बसेना. मी पुढे झाले, तिने हात झटकला. ‘मपलं मी.’ मी मागे बसले. पाच-सहा वेळा पीळ सुटला. सातव्यांदा गाठ नाही बसली, पण पीळ टिकला. ती मोळी डोक्यावर ठेवून एक हात कमरेवर देऊन ती थेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे चालू लागली, आणि ट्रॉली मागे येत होती.

मी ओरडले, ड्रायव्हरने दाबला ब्रेक. एवढंच झालं. पण मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही.

म्हणून शहरातून पाहुणे येतात, फडातली पोरं पाहतात आणि म्हणतात, ‘किती स्वावलंबी बघा, नाहीतर आमची!’, तेव्हा मला राग येतो. त्या पोरीला मोकळीक भरपूर होती, मागे बसणारं माणूस नव्हतं. सोसायटीतल्या पोरामागे माणसं चार आणि मोकळीक नाही. दोन्हीकडे पोर एकटंच. खेड्यातली पोरं आपोआप वाढतात हे म्हणणाऱ्याने खेड्यातलं न वाढलेलं पोर पाहिलेलं नसतं.

कायदा बघा. तीसहून जास्त बायका कामाला असल्या तर कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, हे १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात लिहिलेलं होतं. २०१७च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनाही पाळणाघर लागू झालं. पण तोडणीची बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, मुकादमाच्या उचलीत असते. तिचं पोर कुणाच्याच कायद्यात बसत नाही. शाळकरी मुलांसाठी साखरशाळा झाल्या, ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी त्यात खूप केलं, पुढे वसतिगृहांचे निर्णय झाले. सगळं सहाच्या पुढचं. आम्ही एका हंगामात टोळीतल्याच दोन म्हाताऱ्यांना पदरमोड करून दिवसाचे पैसे दिले आणि कोप्यांपाशी पोरं राखायला बसवलं. चंबू होतेच. म्हाताऱ्यांना काही शिकवावं लागलं नाही. थांबणं त्यांना येत होतं, वयच तसं. हंगाम संपला, टोळी गेली, पुढच्या वर्षी दुसरी टोळी आली आणि तिच्यात म्हाताऱ्या नव्हत्या.

असं काम होऊ शकतं हे इतरांनी करून दाखवलंय. दिल्लीत बांधकाम मजुरांच्या पोरांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ला मोबाइल क्रेशेस सुरू केलं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरकडे जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी तीन वर्षांखालच्यांसाठी ‘फुलवारी’ चालवल्या, गावातल्याच बायकांच्या हाती. बांगलादेशात तर सकाळच्या वेळात बारकी पोरं एका बाईच्या घरी जमवतात, ‘आँचल’ म्हणतात त्याला, आणि त्याचा हेतू शिक्षणाच्या आधी एकच होता, पोरं तळ्यात बुडू नयेत.

हे वाचून मी चमकले, कारण आमच्याकडे तळी नव्हती, ती आता आली. ‘मागेल त्याला शेततळं’ २०१६ला सुरू झालं आणि इंदापूरच्या डाळिंबवाल्यांनी, द्राक्षवाल्यांनी रान वाचवलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही, दुष्काळ मी पाहिलाय. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या त्या उतारावरून घसरलेलं माणूस वर येऊ शकत नाही, मोठं माणूससुद्धा. आणि बुडून जाणाऱ्यांत जगभर सर्वाधिक प्रमाण एक ते चार या वयाचं आहे. वस्तीवरचं घर, पन्नास पावलांवर तळं, आणि ‘माझं मी’ म्हणत चंबू घेऊन निघालेलं पोर. तळ्याला कुंपण आणि काठावर बांधलेली दोराची शिडी, दोन्ही पाहिजेत. मी हे ज्या ज्या हळदीकुंकवाला गेले तिथे सांगितलं. बायका म्हणतात, ‘बाई, सणासुदीचं काय बोलता.’

बारामतीत राहायला आल्याला मला अकरा वर्षं झाली. एमआयडीसीने आणि कॉलेजांनी गावाचं शहर केलं, त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मला दिसतं ते एवढंच, की फरश्या पांढऱ्या झाल्या आणि आया घाईत आल्या. सुताराकडून करून घ्यायचा पांगुळगाडा गेला. तीन लाकडी चाकं आणि आडवी दांडी. पोर मागे उभं राहून ढकलायचं, पडायचं, उठून पुन्हा दांडी धरायचं. भार त्याच्याच पायांवर. त्याच्या जागी प्लास्टिकचा वॉकर आला, त्यात पोराला बसवतात आणि ते चाकांवर तरंगत जिन्यापाशी जातं. कॅनडाने ही वस्तू विकायलाच २००४ला बंदी केली. आमच्याकडे ती बारशाला आहेर म्हणून येते.

पूर्वी आई दोन्ही पाय जोडून बसायची, पोराला पावलांवर बसवायची आणि शीऽ शीऽ करायची. सहा महिन्यांच्या पोरालाही कळायचं. आता डायपर. प्रवासाला मीही म्हणेन लावा. पण तिसऱ्या वर्षीही पोराला आपण ओले झालो हे कळलंच नाही तर ते सांगणार काय? मग नर्सरीच्या बाई तक्रार करतात. नर्सरी अडीचला. तिथे पेन्सिल धरायला शिकवतात, सदऱ्याचं बटण लावता येत नाही त्या बोटांना. बटण लावणारी बोटं पुढे पेन्सिल आपसूक धरतात, हे मी पालकसभांत सांगून सांगून थकले. मग मला बोलावणं बंद झालं. आणि जेवताना मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ला सांगितलंय की वर्षाच्या पोराला पडदा नको आणि दोनच्या पोराला तासाभराच्या आत. मोबाइलपुढे पोर तोंड उघडतं, घास जातो, मिटतं. ‘माझं मी’ म्हणत नाही. आयांना वाटतं सुधारलं.

पुण्यात शोभा भागवतांनी गरवारे बालभवनात आणि संजीवनी कुलकर्णी व त्यांच्या मंडळींनी ‘पालकनीती’ मासिकातून यातलं बरंच काही वर्षानुवर्षं सांगितलं. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर. तिथला मॉल आला, पिझ्झा आला. मासिक मी पोस्टाने मागवते.

माझी नात दोन वर्षं चार महिन्यांची आहे. मागच्या मंगळवारी सुनेला कंपनीत लवकर जायचं होतं, वाटेत नातीला पाळणाघरात सोडायचं. सून खाली जाऊन गाडी काढत होती. नातीने दारात चपला घेतल्या, पट्ट्याच्या. मी घड्याळ पाहिलं, आठ वाजून चार मिनिटं. तिने डावा पाय उजव्या चपलेत घातला. पट्टा कडीत जाईना. ती फतकल मारून बसली, पाय मांडीवर ओढला, जीभ बाहेर. एकदा पट्टा गेला, निसटला. खालून हॉर्न वाजला. मी गॅलरीत जाऊन हात दाखवला, थांब म्हणून. आत आले तर ती दुसऱ्या चपलेवर होती. पुन्हा हॉर्न. मग जिन्यावर पावलं वाजली आणि सून दारात उभी, तोंड लाल, किल्ली हातात. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं, खाली नातीकडे पाहिलं, आणि पर्स मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

आठ एकवीसला दुसरा पट्टा बसला. चपला उलट्या होत्या, त्या तशाच घालून ती लिफ्टकडे गेली.